पथ्य आणि अवधान
(नभोवाणीवरून केलेलें भाषण)



मी वैद्य नव्हें. मॅट्रिक होऊन शिक्षकाच्या पेशांत शिरलों, तेहतीस वर्षें लहान मुलांचे वर्ग सांभाळले, आणि आतां साठी उलटल्यावर नातवंडांच्या सहवासांत दिवस घालवीत आहें. अशा मनुष्यानें आतड्याच्या आणि मेंदूच्या विकारांविषयीं बोलावें, हें कोणास धार्ष्ट्याचें वाटल्यास त्यांत नवल नाहीं. परंतु आमच्या घरीं गेलीं तीन वर्षें दोन निरनिराळ्या विकारांनीं एकाच मुलाच्या ठायीं बिऱ्हाड केलें आहे. त्यांच्याशीं वागतांना आमच्या हातून, विशेषतः माझ्या हातून, एक मोठी चूक झाली. ती दुसऱ्या घरांत होऊं नये, एवढ्याचसाठीं मीं हें भाषण करण्याचें मान्य केलें.

पहिल्या विकाराचें नांव सीलिॲक. गहू, जव आणि राय ह्या धान्यांत ग्लुटेन नांवाचें एक चिकट प्रथिन असतें. कणीक मळली असतां तिला जो ताण येतो आणि पोळी लाटतांना जी फाटत नाहीं, तो ह्या ग्लुटेनचा गुण. बहुतेकांस तें निरुपद्रवी असतें. परंतु विशिष्ट आनुवंशिक प्रवृत्ति असलेल्या कांहीं माणसांच्या शरीरांतील संरक्षक यंत्रणा ग्लुटेनमुळें बिथरते, आणि परक्या शत्रूऐवजीं स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला चढविते. ह्या आतड्याच्या आंतल्या बाजूस मखमलीच्या लवीसारखे सूक्ष्म अंकुर असतात. अन्नरस शोषून घेण्याचें काम त्यांचें. ते झिजून सपाट झाले म्हणजे ताटांत कितीहि वाढलें तरी अंगीं लागत नाहीं. पोट फुगतें, जुलाब होतात, वजन वाढत नाहीं, उंची खुंटते, रक्तांतील लोह घटतें. कित्येकांत तर पोटाची तक्रारच नसते, नुसता थकवा आणि पांढुरकेपणा दिसतो.

हा रोग आपल्याकडे नाहीं, अशी समजूत पुष्कळ दिवस होती. दिल्लीच्या परिसरांत झालेल्या व २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत मात्र ९६ माणसांमागें एकास तो असल्याचें आढळलें. भात हेंच मुख्य अन्न असलेल्या दक्षिणेंत तो पुष्कळच कमी आहे. ग्लुटेन असलेलीं धान्यें आयुष्यभर वर्ज्य करणें, हाच त्यावर आजचा उपाय आहे.

हा उपाय सांपडला कसा, ती गोष्ट मनोरंजक आहे. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी ह्यांनीं १८८८ सालीं ह्या रोगाचें वर्णन करून, गुण आलाच तर तो आहारानेंच येईल, असा अभिप्राय दिला. पण आहार कोणता? १९२४ सालीं न्यूयॉर्कच्या सिडनी हास ह्यांनीं केळ्यांवर भर असलेला आहार सुचविला. मुलें सुधारलीं, आणि श्रेय केळ्यांस मिळालें. वास्तविक गुण केळ्यांचा नव्हता. ताटांतून पाव गेला होता, त्याचा होता. डच बालवैद्य विलेम डिके ह्यांस गव्हाविषयीं आधींच संशय आला होता. पुढें १९४४-४५ च्या हिवाळ्यांत, युद्धामुळें हॉलंडांत उपासमार होऊन पाव मिळेनासा झाला, तेव्हां हीं रोगी मुलें उलट सुधारलीं, आणि पाव पुन्हां मिळूं लागतांच पुन्हां आजारी पडलीं. १९५० सालीं डिके ह्यांनीं आपल्या प्रबंधांत गव्हाचा दोष सप्रमाण मांडला. केळ्यांस दिलेल्या त्या फुकट श्रेयाची गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. आम्हीहि पुढें तसलीच चूक केली.

दुसऱ्या विकाराचें इंग्रजी नांव लांबलचक आहे, म्हणून डॉक्टर त्यास आद्याक्षरांनीं ए. डी. एच. डी. म्हणतात. आपण त्यास अवधानाची उणीव म्हणूं. हें कांहीं आजकालचें फॅड नव्हे. स्कॉटलंडचे वैद्य अलेक्झांडर क्राइटन ह्यांनीं १७९८ सालीं अशा अस्थिर अवधानाचें वर्णन केलें आहे, आणि लंडनचे जॉर्ज स्टिल ह्यांनीं १९०२ सालीं अशा मुलांवर व्याख्यानें दिलीं. १९८० सालीं अमेरिकेंतील मानसरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें आपल्या रोगसूचींत अवधानाच्या उणिवेस स्वतंत्र नांव दिलें, आणि १९८७ सालीं त्यास अतिचंचलतेची जोड दिली.

उणीव म्हणजे अवधान मुळींच नसतें असें नव्हे. आमचा नातू पतंगाच्या मांज्याचा गुंता तासभर मान वर न करतां सोडवील. परंतु गृहपाठाच्या तिसऱ्या ओळीवर त्याची पेन्सिल खालीं पडेल, ती शोधतांना खाटेखालीं जुनी गोटी सांपडेल, आणि गृहपाठ तेथेंच संपेल. अवधान असतें, पण तें मालकाच्या हुकमांत नसतें. हा विकार बव्हंशीं आनुवंशिक आहे. आईबापांच्या लाडामुळें किंवा साखर खाल्ल्यामुळें तो जडत नाहीं. तो ओळखण्यास रक्ताची परीक्षा नाहीं. लक्षणें बाराव्या वर्षाच्या आंत दिसलीं आहेत काय, सहा महिन्यांहून अधिक टिकलीं आहेत काय, आणि घर व शाळा अशा दोन्ही ठिकाणीं दिसतात काय, हें तज्ज्ञ बारकाईनें विचारून ठरवितात. तेहतीस वर्षांत अशीं मुलें माझ्याहि वर्गांत बसलीं असलीं पाहिजेत. त्यांस मीं उडाणटप्पू म्हटलें, बांकावर उभें केलें. आज त्याची लाज वाटते.

आतां आमच्या चुकीकडे वळतों. नातवास सीलिॲक असल्याचें सातव्या वर्षीं ठरलें. वर्गांतील मुलांत तो सर्वांत ठेंगणा, पोट पुढें आणि हातपाय काडीसारखे. प्रथम रक्तांतील विशिष्ट प्रतिपिंडांची तपासणी झाली, मग दुर्बिणीच्या नळीनें लहान आतड्याचे बारीक तुकडे काढून पाहिले, तेव्हां शंका उरली नाहीं. येथें एक सूचना करून ठेवतों. ह्या तपासण्या पुऱ्या होईपर्यंत गहू बंद करूं नये. आधींच बंद केल्यास प्रतिपिंड उतरतात, अंकुर भरूं लागतात, आणि रोग असूनहि तो सांपडत नाहीं.

त्याच सुमारास शाळेंतून तक्रारी येत होत्या. वह्या हरवतात, प्रश्न पुरा होण्यापूर्वींच उत्तर देतो, अर्धी ओळ लिहून खिडकीबाहेर पाहत बसतो. आम्हां सर्वांस वाटलें, पोट बरें झालें म्हणजे डोकेंहि ठिकाणावर येईल. पथ्य सुरू झालें. सहा महिन्यांत गाल भरले, पुढें उंचीहि वाढूं लागली. परंतु वह्या हरवावयाच्या त्या हरवतच राहिल्या.

तेव्हां मीं अनुमान बांधलें, कीं पथ्य कोठें तरी मोडत असलें पाहिजे. पहिला संशय सूनबाईवर, कीं भांडीं नीट वेगळीं ठेवीत नसेल. दुसरा खुद्द मुलावर, कीं शाळेंत इतरांच्या डब्यांतलीं बिस्किटें खात असेल. संध्याकाळीं त्यास समोर उभें करून मी उलटतपासणी करीत असें. "आजोबा, मीं नाहीं खाल्लें," असें तो म्हणे. पण मधल्या सुट्टींत काय काय झालें, तें त्यास क्रमानें सांगतां येत नसे. आणि त्याचें तें अडखळणें हाच मी अपराधाचा पुरावा समजें. सूनबाई एकदां डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "बाबा, मी आणखी काय करूं तें सांगा." त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें, तरी माझा संशय गेला नाहीं. असे आठ महिने गेले.

वर्षअखेरीस रक्ताची पुन्हां तपासणी झाली. प्रतिपिंड उतरून नेहमींच्या पातळीवर आले होते. एवढ्यानें, लहानसहान चूक कधींच झाली नाहीं असें सिद्ध होत नाहीं हें खरें. परंतु रोज चोरून बिस्किटें खाणाऱ्या मुलाचे प्रतिपिंड असे उतरत नाहींत. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "मास्तर, तुमचा नातू पथ्य पाळतो आहे. त्याचें लक्ष लागत नाहीं हें दुसरें दुखणें आहे, आणि तें आपण अजून तपासलेंच नाहीं." घरीं येईपर्यंत मी कांहीं बोललों नाहीं. रात्रीं नातवास जवळ घेऊन मीं त्याची क्षमा मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे आतां मला रोज विचारणार नाहीं ना?" सारें कांहीं विसरणारा तो मुलगा तेवढें मात्र विसरला नव्हता.

आमचा तर्क अगदींच निराधार होता काय? तसेंहि नाहीं. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या १३२ सीलिॲक रोग्यांच्या एका पाहणींत सहा महिन्यांच्या पथ्यानंतर अवधान सुधारल्याचें नमूद आहे. परंतु तुलनेसाठीं पथ्याविना ठेवलेला दुसरा गट तींत नव्हता. उलट तुर्कस्तानांतील २०१३ च्या पाहणींत अवधानाची उणीव असलेलीं ३६२ मुलें आणि तशी उणीव नसलेलीं ३९० मुलें तपासलीं, तेव्हां सीलिॲकच्या प्रतिपिंडांचें प्रमाण दोन्हीं गटांत जवळजवळ सारखेंच निघालें. स्वीडनमधील २०१७ च्या मोठ्या पाहणींत सीलिॲक असलेल्या मुलांत पुढें मानसिक विकार जडण्याचें प्रमाण इतरांच्या सुमारें १.४ पट आढळलें, आणि त्या विकारांत अवधानाची उणीवहि होती. तात्पर्य, दोहोंत संबंध असलाच तर तो सैल आहे. एकाच मुलास दोन्हीं असूं शकतात. एक बरें केल्यानें दुसरें आपोआप जाईल, असा भरंवसा धरतां येत नाहीं.

पथ्यानें लक्षास कांहींच साहाय्य होत नाहीं, असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. लोह कमी पडलेल्या, पोट दुखणाऱ्या, रात्रीं नीट झोप न लागलेल्या कोणत्याहि मुलाचें चित्त ठिकाणावर राहणार नाहीं. म्हणून रक्तांतील लोह, थायरॉइड ग्रंथि, कान, डोळे आणि झोप ह्यांची चौकशी आधीं करून घ्यावी. आणि एक इशारा उलट बाजूचा. शेजारचें मूल चंचल आहे एवढ्यावरून, तपासणी न करतां, त्याचा गहू तोडूं नये. सीलिॲक नसलेल्या मुलाची चंचलता गहू सोडल्यानें जाते, असें सिद्ध झालेलें नाहीं.

आतां माझ्या बोलण्याचें मुख्य सूत्र सांगतों. पथ्य म्हणजे काय? पुढ्यांत आलेला पदार्थ पाहून हात आवरणें, ह्यांत काय आहे असें विचारणें, वेष्टनावरचीं बारीक अक्षरें वाचणें, कालचा नियम आज आठवणें, सहलीच्या आदल्या रात्रींच डब्याचा विचार करणें. आणि अवधानाची उणीव म्हणजे काय? हात न आवरणें, विचारण्याचें विसरणें, बारीक अक्षरांचा कंटाळा, कालचें न आठवणें, उद्यांचें न सुचणें. एक विकार जें मागतो, नेमकें तेंच दुसरा हिरावून घेतो. म्हणून अशा मुलाचें पथ्य त्याच्या स्मरणशक्तीवर सोंपवूं नये. तें घराच्या व्यवस्थेवर सोंपवावें. उपदेश जितका कमी लागेल, तितकी व्यवस्था चांगली समजावी.

पहिली व्यवस्था स्वयंपाकघराची. आम्ही साऱ्या घरांतूनच गहू काढला. पोळीचें दुःख सर्वांत अधिक मलाच झालें, पण हाताशीं नसलेली वस्तु मूल खात नाहीं, हा लाभ मोठा आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी, राजगिरा, साबुदाणा हीं सर्व चालतात. भाकरी, घावन, आंबोळी, उकडीचे मोदक हे आपलेच पदार्थ आहेत. ज्यांस गहू काढणें शक्य नाहीं, त्यांनीं पोळपाट, लाटणें, तवा, चाळणी आणि पिठाचे डबे तरी वेगळे ठेवावे. गिरणींत गव्हाच्या पाठोपाठ दळलेली ज्वारी ही गहूमिश्रित ज्वारीच होय. म्हणून आम्ही घरघंटी घेतली. आणि छुपा गहू ओळखावा. बाजारच्या पुष्कळशा हिंगांत मैदा असतो. मेतकुटांत, सातूच्या पिठांत, थालीपिठाच्या भाजणींत बहुधा गहू असतो. माल्टच्या पेयांत जव असतो. वेष्टनावर 'ग्लुटेनमुक्त' असें लिहावयाचें तर किलोमागें २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असतां कामा नये, असा भारतांतील अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे.

दुसरी व्यवस्था नियमाची. चालणाऱ्या व न चालणाऱ्या पदार्थांची दोन पानांची यादी आम्हीं भिंतीवर लावली होती. ती मुलाखेरीज सर्वांनीं वाचली. आतां एकच वाक्य त्याच्या डब्याच्या झांकणावर आहे: 'डब्यांतलें खावें, बाहेरचें विचारून खावें.' लहान वाक्य स्मरणांत राहतें.

तिसरी व्यवस्था बदली खाऊची. वर्गांत कोणाचा वाढदिवस निघाला कीं केक येतो. नुसतें 'खाऊं नकोस' म्हणून भागत नाहीं, हातांत दुसरें कांहीं असावें लागतें. म्हणून त्याच्या बाईंजवळ शेंगदाण्याच्या चिक्कीचा व राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा आम्ही महिन्याच्या महिन्यास भरून देतों. सत्यनारायणाच्या शिऱ्यांत गव्हाचा रवा असतो. तेथें हात जोडून प्रसादाचें केळें घ्यावें, असें त्यास शिकविलें आहे. देव रागावत नाहीं, एवढें मोठ्या माणसांनीं शेजाऱ्यांस सांगावयाचें असतें.

चौथी व्यवस्था वेळेची. ह्या मुलांस भूक लागल्याचेंहि भान राहत नाहीं, आणि भूक वाढली कीं चंचलता वाढते. म्हणून खाणें ठरल्या वेळीं, घंटा लावून. अभ्यासहि दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत, समोर घड्याळ ठेवून, एका वेळीं एकच सूचना देऊन. शाबासकी द्यावयाची ती त्याच क्षणीं द्यावी. आठवड्यानंतरच्या बक्षिसाची ह्या मुलांस किंमत नसते.

पांचवी व्यवस्था चुकीची. पथ्य मोडलें तर मुलानें तें येऊन सांगावें, आणि सांगितल्याबद्दल शिक्षा होऊं नये. शिक्षेच्या धाकानें मूल पथ्य पाळूं लागत नाहीं, फक्त लपवूं लागतें; आणि लपविलेल्या चुकीचा पत्ता डॉक्टरासहि लागत नाहीं. आमच्या घरचें न्यायालय त्या रात्रीपासून कायमचें बंद झालें आहे.

औषधाविषयीं थोडेंसें. अवधानाच्या उणिवेवर पुष्कळ वापरलें जाणारें औषध मेथिलफेनिडेट हें प्रथम १९४४ सालीं स्वित्झर्लंडांत तयार झालें. सहा वर्षांखालील मुलांत प्रथम आईबापांसच वागणुकीचें शिक्षण देतात. मोठ्या मुलांत जरूर पडल्यास तज्ज्ञांच्या देखरेखीखालींच औषध देतात. त्यानें पुष्कळ मुलांस गुण येतो, पण भूक मंदावते. नुकतेंच अंग धरूं लागलेल्या मुलाची भूक मंदावणें ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून न्याहारी भरपूर व गोळीच्या आधीं, दुपारचा डबा थोडा पण सकस, आणि गोळीचा अंमल उतरल्यावर रात्रीचें जेवण पोटभर, असा आम्ही क्रम ठेवला आहे. उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब ठरावीक अंतरानें पाहिले जातात. गोळींत भर म्हणून पिष्ट घातलेलें असतें. तें गव्हाचें असणें विरळा, तरी औषधविक्रेत्यास विचारून खात्री करून घ्यावी. दोन तज्ज्ञ असतील तर एकाचा कागद दुसऱ्यास दाखवावा. आणि सीलिॲक मुलाच्या आईबापांनीं व भावंडांनीं स्वतःचेंहि रक्त तपासून घ्यावें, कारण जवळच्या नात्यांत हा रोग इतरांहून पुष्कळ अधिक आढळतो.

शेवटीं, दोन दुखण्यांचे दोन जमाखर्च वेगळे ठेवावे. पथ्याचा हिशेब रक्ताच्या तपासणीनें आणि उंची-वजनानें करावा. अवधानाचा हिशेब घर आणि शाळा ह्यांच्या अनुभवानें करावा. एका वहींतली तूट पाहून दुसऱ्या वहींत चोरी झाली, असा निकाल देऊं नये. आमच्याकडे तो मीं दिला होता.

नातू आतां दहा वर्षांचा आहे. दुकानांतील पुड्यांवरचीं अक्षरें तो मला वाचून दाखवितो. हळूहळू व्यवस्थेचीं सूत्रें त्याच्याच हातीं द्यावयाचीं आहेत, कारण हें पथ्य आयुष्याचें आहे आणि आजोबा आयुष्यास पुरत नाहींत. परवां शेजारीं सत्यनारायण होता. प्रसादाकडे त्याचा हात गेला, मध्येंच थांबला, आणि त्यानें विचारलें, "काकू, ह्यांत रवा आहे का?" मग केळें घेऊन तो आनंदानें घरीं आला. चपला मात्र तेथेंच विसरून, अनवाणी. मीं कांहीं न विचारतां जाऊन त्या घेऊन आलों.